मुळाशी पडलेली गाठ

ऑगस्टच्या मध्यावर हिंगोलीहून औंढा नागनाथच्या रस्त्याला लागलं की दोन्ही अंगांना सोयाबीनच सोयाबीन. गुडघ्याला लागलेलं, ओळीत ओळ मिसळलेलं, खालची काळी माती दिसू न देणारं. फुलं आलेली असतात, पण ती इतकी बारीक आणि फिकट जांभळी की वाकून पानं बाजूला सारल्याशिवाय दिसत नाहीत. आज आपल्याला फुलं बघायचीही नाहीत. बांधावर थांबा, शेताच्या मालकाला विचारा आणि एक झाड मुळासकट काढा. हिसका देऊन उपटू नका. खुरप्याने भोवतालची माती सैल करा, कारण जे बघायचंय ते हिसक्याने जमिनीतच तुटून राहतं. मग मुळं बादलीतल्या पाण्यात हळूच खळबळा.

चिखल सुटला की मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोल गाठी दिसतील. पाहणाऱ्याला वाटावं, हा काहीतरी रोग आहे. सूत्रकृमी लागले तरी मुळांवर गाठी येतात हे खरं, पण त्यात मूळच फुगतं. या गाठी मुळाला बाहेरून चिकटवल्यासारख्या असतात, बोटाने अलगद सुटतात. एक सोडवा आणि नखाने फोडा.

आत गुलाबी! ताज्या खरचटलेल्या कातडीसारखं लालसर गुलाबी.

हिरव्या झाडाच्या मुळाशी, मातीखालच्या अंधारात, हा रंग कशाला? तिथे कोण बघायला जातंय? या रंगापर्यंत आपण पोचूच, पण त्याआधी मान वर करून आभाळाकडे बघावं लागेल.

आपण ज्या हवेत वावरतो तिचा ७८ टक्के भाग नत्र आहे. हवेला वजन असतं हे आपण विसरून जातो. एक चौरस मीटर जमिनीवर उभा असलेला हवेचा खांब, थेट आभाळाच्या टोकापर्यंत, सुमारे १० टन भरतो. आता एक एकराचा हिशेब मांडा. त्या एकरावर तरंगत असलेला नत्र जवळपास ३०,००० टन होतो. तीस हजार टन! आणि त्याच एकराचा मालक जूनमध्ये युरियाची गोणी मिळवायला कृषी सेवा केंद्राच्या दारात उभा असतो. ४५ किलोच्या त्या गोणीत नत्र ४६ टक्के, म्हणजे जेमतेम २१ किलो.

डोक्यावर समुद्र आणि घशाला कोरड, अशी ही गत का?

कारण हवेतला नत्र एकटा हिंडत नाही. त्याचे दोन अणू जोडीने राहतात आणि एकमेकांना तीन-तीन बंधांनी आवळून धरतात. प्राणवायूच्या जोडीत ही गाठ दुहेरी असते, म्हणून तर तो लोखंडाला गंज चढवतो, लाकडाला जाळतो, आपल्या श्वासातून शरीरात कामाला लागतो. नत्राची गाठ तिहेरी. ती पाण्याने भिजत नाही, साध्या आगीने जळत नाही, पानाच्या हातून सुटत नाही. आपण दर श्वासाला नत्र छातीत भरून घेतो आणि जसाच्या तसा बाहेर सोडतो. प्रथिनं बांधायला आपल्याला नत्र लागतोच, तरी या श्वासातल्या नत्राचा एक कणही आपल्याला पचत नाही. आभाळातली वीज ही गाठ फोडू शकते. वीज कडाडते तेव्हा थोडा नत्र प्राणवायूशी जुळतो आणि पावसातून खाली येतो. पण तो अगदी थोडा. साऱ्या पिकांचं पोट त्यावर भरणार नाही.

माणसाला ही गाठ सोडवायची कळ सापडून जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षं झाली. १९०९ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी प्रयोगशाळेत ते करून दाखवलं, कार्ल बॉश यांनी त्याचा कारखाना केला आणि १९१३ मध्ये ओप्पाउ इथे उत्पादन सुरू झालं. लोखंडाचा उत्प्रेरक, ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि हवेच्या दाबाच्या २०० पट दाब. समुद्रात दोन किलोमीटर खोल गेलं तर जेवढा दाब अंगावर येईल, तेवढा! आज जगातल्या निम्म्याच्या आसपास माणसांचं अन्न या कारखानी नत्रावर उभं आहे, असा अंदाज मांडला जातो.

आणि आपल्या हातातली ती गाठ? तिच्यात भट्टी नाही, दाबयंत्र नाही. पावसाने भिजलेल्या काळ्या मातीत, हाताला गार लागणाऱ्या तापमानात, कसलाही आवाज न करता तेच काम चाललेलं आहे. मुळावरच्या गाठीत नत्राची गाठ सुटते आहे.

याच औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारायचं काम हाती घेतलेलं आहे. तिच्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्यांमधून हवा जवळजवळ पूर्ण उपसून काढायची, म्हणजे दूरवरच्या कृष्णविवरांच्या धडकेची लहर प्रकाशात टिपता येईल, अशी ती योजना आहे. उपसायच्या त्या हवेत सगळ्यात जास्त काय असेल? नत्रच. तो बाहेर काढायला केवढी यंत्रं लागतील, आणि शेजारच्या शिवारात तोच नत्र पकडायला ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ पुरते! मला हिंगोलीचा नकाशा बघताना नेहमी या दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसतात.

गाठीत कोण राहतं? जिवाणू. सोयाबीनच्या गाठीतल्यांचं नाव ब्रॅडिरायझोबियम. ‘ब्रॅडी’ म्हणजे ग्रीक भाषेत संथ, कारण प्रयोगशाळेतल्या बशीत हे फार सावकाश वाढतात. द्विदल झाडं गाठींच्या मदतीने हवेतला नत्र वापरतात हे जर्मनीतल्या हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी १८८६ मध्ये जाहीर केलं. दोन वर्षांनी हॉलंडच्या बायरिंकने त्या गाठीतला जिवाणू वेगळा करून दाखवला.

पण आपल्याकडे जाणत्या शेतकऱ्याला याचा वास कधीचाच लागलेला होता. त्यासाठी मराठीत एक नेमका शब्द आहे: बेवड. आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेलं बळ म्हणजे बेवड. शेत बघायला आलेला म्हातारा आधी बियाणं विचारत नाही, खत विचारत नाही. “औंदा बेवड कशाचा हाय?” हा त्याचा पहिला प्रश्न. मुगाचा बेवड, हरभऱ्याचा बेवड म्हटलं की त्याची मान समाधानाने हलते. जिवाणू दिसत नव्हता, पण त्याच्या कामाला नाव मिळालेलं होतं.

आता हा जिवाणू झाडाच्या आत शिरतो कसा, ते ऐका. मला विचाराल तर साऱ्या गोष्टीतला सर्वांत थक्क करणारा भाग हाच आहे.

पेरणी झाली, कोंब फुटला, बारीक मुळी मातीत उतरली. एक चिमूट मातीत कोट्यवधी जिवाणू असतात. त्यांत रोगजंतू असतात, कुजवणारे असतात आणि बरेचसे कशातच नसतात. या गर्दीतून आपला माणूस कसा ओळखायचा? सोयाबीनचं मूळ मातीत काही द्रव्यं सोडतं. त्यांची नावं जेनिस्टीन आणि डायड्झीन. ब्रॅडिरायझोबियमला ती हाक कळते. हाक ऐकली की त्याच्यातली काही जनुकं जागी होतात आणि तो उलट एक निरोप पाठवतो. हा निरोप साखरेच्या तुकड्यांचा बनलेला असतो आणि त्याची घडण खेकड्याच्या कवचातल्या, बुरशीच्या भिंतीतल्या कायटिनच्या जातीची असते. मुळावरच्या केसाएवढ्या तंतूला तो निरोप पोचतो आणि तो तंतू गुराख्याच्या आकडीसारखा वळतो. जिवाणू त्या वळणात अडकतात. मग झाड स्वतःच्या पेशीची भिंत आत ढकलत एक बोगदा तयार करतं आणि त्या बोगद्यातून जिवाणू एकामागोमाग एक आत जातात. तोवर आतल्या पेशी दुभंगू लागलेल्या असतात, म्हणजे पाहुणा अजून वाटेत आहे आणि खोली बांधायला घेतलेली आहे!

मराठीत आपण म्हणतो, दोघांची गाठ पडली. इथे ती अक्षरशः पडते.

हाक फार नेमकी असते. हरभऱ्याच्या जिवाणूला सोयाबीनची हाक कळत नाही. म्हणून हरभऱ्याच्या जिवाणू संवर्धकाचं पाकीट सोयाबीनला लावलं तर ते वाया जातं. पाकिटावर पिकाचं नाव छापलेलं असतं ते यासाठी. आणि झाडाने ही निरोपांची भाषा नव्याने शोधलेली नाही. वनस्पती पाण्यातून जमिनीवर आल्या त्या काळापासून त्यांच्या मुळांशी मैत्री करणाऱ्या बुरशी आहेत. त्यांना आत घ्यायची जी जुनी व्यवस्था होती, तीच पुढे द्विदलांनी जिवाणूंसाठी वापरली. दाराची घंटा चाळीस कोटी वर्षांहून जुनी, वाजवणारं बोट तेवढं नवं.

आत गेलेला जिवाणू मोकळा राहत नाही. झाडाच्या पडद्याच्या पिशवीत तो गुंडाळला जातो. त्याचं वाढणं थांबतं आणि एकच काम सुरू होतं. ते काम करणाऱ्या विकराचं नाव नायट्रोजिनेज. त्याच्या गाभ्यात ७ लोहाचे अणू, ९ गंधकाचे, १ मॉलिब्डेनमचा, आणि या सगळ्यांच्या मधोमध कर्बाचा एकच अणू. मधला तो अणू कर्बाचा आहे याची खात्री २०११ मध्ये, म्हणजे अगदी अलीकडे पटली. हाबरच्या भट्टीतही लोखंडच होतं, इथेही लोखंडच आहे!

काम सोपं नाही. नत्राच्या एका रेणूची गाठ सोडवायला एटीपीचे १६ रेणू खर्च होतात. एटीपी म्हणजे पेशीच्या बाजारातलं चलनी नाणं. आणि वेग? साधारण सेकंदाला एक रेणू. आपल्या शरीरातले काही विकर सेकंदाला हजारो, लाखो रेणू हातावेगळे करतात. त्यांच्यापुढे हा विकर अगदी संथ म्हणायचा. म्हणून गाठीत तो ढिगाने भरलेला असतो, कोट्यवधी जिवाणूंच्या पोटात. या सगळ्याचा खर्च झाड आपल्या पानात तयार झालेल्या साखरेतून भागवतं. एक ग्रॅम नत्रासाठी सुमारे सहा ग्रॅम कर्ब, असा हा महागडा सौदा आहे.

त्यात एक विलक्षण पेच. नायट्रोजिनेजला प्राणवायू सोसत नाही. लागला की विकर कायमचा निकामी. हा विकर पृथ्वीवर तयार झाला तेव्हा हवेत प्राणवायू जवळपास नव्हताच, आणि त्या काळाची खूण त्याने अजून अंगावर बाळगलेली आहे. पण १६ नाणी पाडायला जिवाणूला श्वास घ्यावा लागतो, म्हणजे प्राणवायू हवाच! आत आला तर विकर मरतो, नाही आला तर जिवाणू उपाशी. यातून वाट कशी काढायची?

आता त्या गुलाबी रंगाकडे परत या.

तो रंग लेगहिमोग्लोबिनचा आहे. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा हा सख्खा भाऊबंद. तशीच लोहाची चकती आणि प्रथिनाची तशीच घडी. १९३९ मध्ये जपानच्या कुबो यांनी सोयाबीनच्याच गाठीतून तो ओळखला. आपलं रक्त फुप्फुसातून प्राणवायू उचलून पेशीपर्यंत नेतं. गाठीतलं हे रक्त प्राणवायूचा कण दिसला की पकडतं, मोकळा फिरू देत नाही, आणि हातोहात जिवाणूच्या श्वासयंत्रणेला नेऊन देतं. त्यामुळे गाठीतला मोकळा प्राणवायू बाहेरच्यापेक्षा हजारो पटींनी कमी राहतो आणि जिवाणूचा श्वासही चालू राहतो. लग्नाच्या पंगतीत वाढपी पातेलं मधोमध ठेवून जात नाही, ज्याच्या त्याच्या पानात वाढतो, तसं! तुम्ही नखाने फोडलेल्या गाठीतून जे बोटाला लागलं, ते म्हणायला झाडाचं रक्तच. अमेरिकेतल्या एका कंपनीने तर सोयाबीनचं हेच प्रथिन यीस्टमध्ये तयार करून, मांस नसलेल्या वड्यांना मांसाची चव आणि रंग आणला.

म्हणून शेतात उभ्या उभ्या करता येणारी ही साधी परीक्षा: गाठ फोडली आणि आत गुलाबी निघाली तर काम चालू आहे. हिरवट निघाली तर काम संपत आलं. पांढुरकी निघाली तर बहुतेक सुरूच झालेलं नाही. आणि सोयाबीनमध्ये चार दिवस पाणी तुंबलं की पीक पिवळं का पडतं, त्यातलाही एक धागा इथे सापडतो. पाण्याने भरलेल्या मातीत हवा शिरत नाही आणि गाठी गुदमरतात. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोहाची कमतरता हेही पिवळेपणाचं नेहमीचं कारण आहे. पण लोह कशाकशात आहे हे आपण आत्ताच पाहिलं, तेव्हा तेही गाठीपासून फार लांबचं नाही.

सगळेच जिवाणू प्रामाणिक असतात का? झाडाची साखर खायची आणि नत्र द्यायचा नाही, असं कुणी केलं तर? टोबी कीअर्स आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सोयाबीनवर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. काही गाठींभोवतीच्या हवेतला नत्र काढून त्याजागी आरगॉन भरला. बिचाऱ्या जिवाणूंची दानत चांगली होती, पण पकडायला नत्रच नव्हता. झाडाने काय करावं? त्या गाठींचा प्राणवायू कमी केला! तिथल्या जिवाणूंची संख्या इतरांच्या निम्म्यावर राहिली. मेंदू नाही, डोळे नाहीत, तरी कोणती गाठ काम करते आणि कोणती नाही याचा हिशेब मुळापाशी ठेवला जातो. आणि तुम्ही वरून युरिया भरपूर टाकलात तर झाड गाठीच कमी धरतं. फुकट मिळत असताना कोण विकत घेईल?

तयार झालेला नत्र मुळातून वर पाठवायचा, तर तो कशात बांधून? इथे खरीप आणि रब्बीची वाटणी थेट रसायनात उतरते. सोयाबीन, मूग, उडीद, तूर ही खरिपाची मंडळी साधारणपणे अलँटोइनसारख्या द्रव्यांत नत्र बांधतात, त्यात कर्बाच्या चार अणूंमागे नत्राचेही चार. हरभरा, मसूर, वाटाणा ही थंडीची मंडळी ॲस्पॅराजिन वापरतात, त्यात कर्बाच्या चारांमागे नत्राचे दोन. गाठींचा आकारही वेगळा. सोयाबीनची गाठ गोल मण्यासारखी, एका मापावर येऊन थांबणारी. हरभऱ्याची टोकाकडून वाढत राहणारी, फाटे फुटलेली. ऑगस्टमध्ये सोयाबीनची गाठ पाहिलीत, तर डिसेंबरच्या थंडीत त्याच वावरात हरभऱ्याची उकरून पाहा.

आता थोडा रोखठोक हिशेब, कारण या बाबतीत एक गैरसमज गावोगाव पसरलेला आहे. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिन असतं आणि प्रथिनात साधारण १६ टक्के नत्र. म्हणजे १० क्विंटल सोयाबीन मोंढ्यावर गेलं की त्याबरोबर ६४ किलोच्या आसपास नत्र गेला, युरियाच्या तीन गोण्यांएवढा. त्यातला निम्मा किंवा त्याहून थोडा जास्त हवेतून आलेला, उरलेला जमिनीतून उचललेला. तेव्हा ‘सोयाबीन जमिनीत भरपूर नत्र सोडून जातं’ हे म्हणणं अर्धंच खरं आहे. दाणा जवळपास सगळं बरोबर घेऊन जातो. बेवड उरतो तो गळलेल्या पानांचा, मुळांचा, मेलेल्या गाठींचा. मळणीचं भुस्कट बांधावर पेटवलं की त्यातलाही वाटा धुराबरोबर गेला. ते जळताना बघून मला मनापासून वाईट वाटतं. ज्याच्या एकेका रेणूला १६ नाणी मोजली, तो नत्र पुन्हा हवेत!

हे सगळं ऋतूच्या तालावर चालतं. मृगाचा किंवा आर्द्राचा पाऊस, पेरणी, दोन-तीन आठवड्यांत पहिल्या गाठी, श्रावणात फुलोरा आणि गाठींचा भर. शेंगा भरू लागल्या की झाडाची साखर दाण्याकडे वळते आणि गाठी म्हाताऱ्या होतात. दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीनच्या सुड्या रचल्या जातात, तेव्हा जमिनीखालचा कारखाना बंद झालेला असतो.

आणि नेमकं त्याच वेळी, चार-पाचशे किलोमीटर पश्चिमेला, अरबी समुद्रात उलटं काम भराला आलेलं असतं.

ज्या नैऋत्य वाऱ्याने हिंगोलीला पाऊस आणला, तोच वारा पश्चिम किनाऱ्यालगतच्या समुद्रात खोलातलं, प्राणवायू कमी असलेलं पाणी वर आणतो. त्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर झाकणासारखा बसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत खालच्या पाण्यातला प्राणवायू संपतो. तिथल्या जिवाणूंना श्वासाला काहीतरी हवं, मग ते पाण्यातलं नायट्रेट वापरतात आणि नत्राचे अणू पुन्हा जोडीने बांधून हवेत सोडतात. सोडवलेली गाठ पुन्हा मारली जाते! गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये किनाऱ्यालगतची ही स्थिती जगापुढे मांडली. खुल्या अरबी समुद्राच्या मधल्या थरात तर हे बारा महिने चालतं. नत्र असा हवेत परत जाणारी खुल्या समुद्रातली तीन मोठी ठिकाणं जगात आहेत, त्यांतलं एक हे.

हिंगोलीचं पाणी या समुद्राला कधीच भेटत नाही. कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा प्राणहितेतून गोदावरीला, आणि सगळं जातं पूर्वेला, बंगालच्या उपसागरात. पण हवेला खोरं नसतं. अरबी समुद्रातून सुटलेला नत्र काही महिन्यांत साऱ्या गोलार्धभर मिसळतो. पुढच्या श्रावणात नरसीच्या किंवा वसमतच्या वावरात एखाद्या गाठीने पकडलेल्या रेणूंमध्ये मालवणच्या समोरून उठलेला कुणी नसेलच, असं कोण म्हणेल?

समुद्र नुसता नत्र घालवतच नाही. हरभरा निघाला, वावरं मोकळी झाली, ऊन तापू लागलं की फेब्रुवारी ते मे या महिन्यांत कोकण आणि गोव्यासमोरचं पाणी शांत होतं, वरचा थर तापतो आणि त्यातलं नायट्रेट संपतं. शेवाळांची उपासमार होते. तेव्हा पाण्यावर करड्या-तपकिरी, लाकडाच्या भुशासारख्या पट्ट्या तरंगताना दिसतात. हे ट्रायकोडेस्मियम नावाचे जिवाणू. १७७० मध्ये कॅप्टन कुकच्या खलाशांनी याला ‘समुद्राचा भुसा’ म्हटलं होतं. गोव्यासमोरच्या त्याच्या बहराचा अभ्यास १९७०च्या दशकात एस. झेड. कासिम आणि सहकाऱ्यांनी केला. पुढे १९८१ मध्ये अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या भारतीय मोहिमेचे नेते तेच कासिम. या भुशाच्या प्रत्येक कणात शेकडो तंतूंची जुडी असते आणि त्या तंतूंच्या पेशींत तोच नायट्रोजिनेज, तीच लोहाची घडण. इथे ना मूळ ना गाठ. एकाच तंतूत प्रकाशावर साखर बनते, प्राणवायू सुटतो आणि तिथेच, भर दिवसा, नत्राची गाठ सोडवली जाते. त्याच्या जातीतले कितीतरी जिवाणू हे काम रात्रीवर ढकलतात. हा कामाच्या पाळ्या लावून दिवसाच उरकतो.

म्हणजे वर्षभराचं वेळापत्रक बघा. श्रावणात सोयाबीन, मार्गशीर्षात हरभरा, चैत्रात समुद्र. तीन ऋतू, दोन ठिकाणं आणि हत्यार एकच.

अरबी समुद्र सोडून प्रशांत महासागराकडे गेलं तर गोष्ट आणखी एक पाऊल पुढे जाते. १९९८ मध्ये अमेरिकेच्या जोनाथन झेर यांना प्रशांत महासागराच्या पाण्यात एका अनोळखी नत्र पकडणाऱ्या जिवाणूच्या डीएनएचा एक छोटा तुकडा सापडला. जिवाणू दिसत नव्हता, नुसती खूण होती. तिकडे जपानमधल्या कोची विद्यापीठात, केरळातल्या नव्हे, क्योको हागिनो एका समुद्री शेवाळाची पैदास प्रयोगशाळेत करायच्या मागे लागल्या होत्या. दहा वर्षांहून जास्त काळ, पाणी आणायला ३०० पेक्षा जास्त फेऱ्या! शेवटी ते शेवाळ बशीत वाढलं, आणि कळलं की झेर यांचा जिवाणू याच्याच पोटात आहे. एप्रिल २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष आला: तो आता जिवाणू उरलेलाच नाही. सुमारे दहा कोटी वर्षांच्या सहवासात तो त्या शेवाळाचा अवयव झालेला आहे. लागणारी बरीच प्रथिनं शेवाळ त्याला पुरवतं. शेवाळाची पेशी दुभंगते तेव्हा तोही दुभंगतो आणि प्रत्येक लेकीच्या पदरात एक-एक जातो. त्याला नाव मिळालं नायट्रोप्लास्ट. नत्र पकडणारा अवयव असलेली, मोठ्या गुंतागुंतीची पेशी याआधी कुणालाच माहीत नव्हती.

सोयाबीनचं तसं झालेलं नाही. त्याच्या बीत ब्रॅडिरायझोबियम नसतो. आईच्या मुळाशी कितीही गाठी असल्या तरी दाणा एकटाच बाहेर पडतो आणि दर जूनला मातीत उतरून त्याला नव्याने हाक मारावी लागते. म्हणून तर मृग लागला की शिवारात कुणीतरी सावलीत ताडपत्री पसरून बसलेलं दिसतं. बुरशीनाशक आधी लावून झालेलं असतं. आता गार केलेल्या गुळाच्या पाण्यात दहा किलो बियाण्यामागे २५० ग्रॅमचं एक काळपट भुकटीचं पाकीट कालवलं जातं आणि दाण्यांना हलक्या हाताने चोळलं जातं, साल निघणार नाही इतक्या जपून. ऊन लागू द्यायचं नाही, जिवाणू मरतात. दाणे सावलीत सुकले की त्याच दिवशी तिफणीवर.